सात मिनिटांची उपासना आणि दहा कामट्यांची चांदणी

प्रश्न: आम्ही वडगाव शेरीत राहतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा, दोघं इंग्रजी माध्यमात. मिस्टर चाकणला कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. सासूबाई नगर जिल्ह्यात गावी असतात. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी दीड तास भजन-उपासना चालायची. आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना सुरू केली की आठवड्यात बंद पडते. त्यात मुलगा हल्ली सहज खोटं बोलतो. नाताळ म्हणजे केक आणि नवे कपडे एवढंच उरलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सलाम ताई,

आधी सासूबाईंच्या दीड तासाशी बरोबरी करणं सोडा. गावी दिवेलागणीला सगळे घरात आलेले असत, पेटी आणि टाळ हाताशी, शेजारची दोन घरंही येऊन बसत. त्या दीड तासात निम्मं गाणं आणि निम्म्या गप्पा असायच्या, म्हणून तो टिकला. शहरात उपासना बंद पडते ती श्रद्धा कमी पडते म्हणून नाही, लांबी जास्त होते म्हणून. पहिल्या सोमवारी उत्साहात तीन गीतं, अख्खा अध्याय, प्रत्येकाची प्रार्थना आणि वर आईचा थोडा उपदेश, असं चाळीस मिनिटं चालतं. मंगळवारी पंचवीस. गुरुवारी पाहुणे येतात, शनिवारी कुणी विषयच काढत नाही.

सात मिनिटं धरा. गीताचं ध्रुपद आणि एकच कडवं, वाचन आठ-दहा वचनांचं, त्यावर एक प्रश्न, मग छोटी प्रार्थना. मुलांनी "अजून एक गीत" म्हटलं तरी पहिला महिनाभर वाढवू नका. पोटात थोडी भूक ठेवून उठवलेलं मूल दुसऱ्या दिवशी पानावर आपणहून येतं, तसंच हे.

वेळ घड्याळावर ठरवू नका, एखाद्या रोजच्या कामाला बांधा. "साडेआठ वाजता प्रार्थना" म्हटलं की साडेआठला कुणाचा तरी फोन येतो. जेवणाआधी घेतली तर सात वर्षांच्या मुलाचा डोळा भाजीच्या पातेल्यावर असतो. जेवणानंतर घेतली तर हात धुवायला गेलेलं माणूस मोबाईल घेऊनच परत येतं. लहान मूल असलेल्या घरात गाद्या घातल्यावरची वेळ सगळ्यांत भरवशाची. दात घासून झालेले, टीव्ही बंद, कुणाला कुठे जायचं नाही. मूल मध्येच झोपलं तर झोपू द्या.

आता मुख्य गोष्ट. मुलांना उपासनेत बसवू नका, कामाला लावा. बसून ऐकायचं असतं ते मुलाला कंटाळवाणं वाटतं. ज्यात त्याचं काम ठरलेलं असतं ते मात्र मूल स्वतःच आठवण करून करवून घेतं. मुलाकडे ट्यूबलाइट बंद करून छोटा दिवा लावण्याचं आणि पवित्र शास्त्र (बायबल) आणून खूण उघडण्याचं काम द्या. गीत निवडण्याचा हक्क एक दिवसाआड एकेकाला. मुलगी अकराची आहे, तिला आठवड्यातले दोन वार पूर्ण सोपवा: गीत तिचं, वाचन तिचं, प्रश्नही तिचा. त्या दिवशी तुम्ही फक्त उत्तर द्यायचं, आणि तिने दोन मिनिटांत गुंडाळलं तरी सुधारायला जायचं नाही.

वाचनाला मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची गोष्ट, घ्या. अध्याय सोळाच, घटना भराभर घडतात, वंशावळीने सुरुवात होत नाही. रोज दहा वचनं धरली तर सव्वादोन-अडीच महिन्यांत संपतं, आणि "आपण एक अख्खं पुस्तक वाचलं" हे मुलांना सांगता येतं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना शास्त्राची मराठी जड जाते. "परावृत्त", "चिरडीस", "विपुल" हे शब्द त्यांच्या कानावरून कधी गेलेलेच नसतात. ही अडचण जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली, ती साध्या बायकांना कळेल अशी मराठी हवी म्हणूनच. तुमच्याकडे असं करा: तुम्ही मराठीतून वाचा, मुलीने तीच वचनं इंग्रजी प्रतीत बोट ठेवून बघावीत, आणि मुलाने गोष्ट स्वतःच्या शब्दांत मराठीत सांगावी. त्याने "येशूने वादळाला गप बस म्हटलं" असं सांगितलं तर ते अगदी बरोबर आहे.

प्रश्न विचारताना "यातून काय शिकलास?" हा प्रश्न टाळा. मुलं त्याला ठरलेलं उत्तर देतात, "खोटं बोलू नये, चांगलं वागावं," आणि मोकळी होतात. त्याऐवजी विचारा: यात कोण घाबरलं होतं? गर्दीत तू कुठे उभा असतास? छप्पर उघडून त्या माणसाला खाली सोडलं, तर घरमालक काय म्हणाला असेल? शेवटचा प्रश्न मुलांना फार आवडतो आणि त्यावरून दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई कोण करणार इथपर्यंत बोलणं आपोआप जातं.

प्रार्थनेत दोन चुका सर्रास होतात. पहिली, मुलांची प्रार्थना पोपटपंची होते: "आईबाबांना आशीर्वाद दे, सगळ्यांना सुखी ठेव, आमेन." यावर उपाय साधा आहे. जाड कागदाचे वीस-पंचवीस छोटे तुकडे करा, प्रत्येकावर एक नाव: आजी, वर्गातला आजारी मित्र, स्कूल बसचे काका, पाळकसाहेब, सोसायटीतल्या कामवाल्या मावशी, जिच्याशी भांडण झालंय ती मैत्रीण. डब्यात ठेवा, रोज एक चिठ्ठी मुलाने काढायची आणि त्या माणसासाठी दोन वाक्यं बोलायची.

दुसरी चूक आयांची. मुलाच्या देखत "प्रभू, ह्याला खोटं न बोलण्याची बुद्धी दे" अशी प्रार्थना करायची. ही प्रार्थना नाही, देवाकडे केलेली चुगली आहे आणि मुलाला ती बरोबर कळते. त्याच्या चुका दिवसा त्याच्याशी एकट्यात बोला. प्रार्थनेत क्षमा मागायची ती स्वतःच्या चुकीची: "आज संध्याकाळी मी विनाकारण ओरडले, ते चुकलं." आईने हे आठवड्यातून एकदा खरेपणाने म्हटलं, तरी महिन्या-दीड महिन्यात एखाद्या रात्री मुलाकडून काहीतरी बाहेर येतं. आलं की त्यावर लगेच प्रवचन देऊ नका. "बरं झालं सांगितलंस" एवढं पुरे.

शेवट आशीर्वादाने. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला याजकांचा आशीर्वाद, वचनं २४ ते २६. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा: "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझे संरक्षण करो," आणि पुढचं. अर्धं मिनिटही लागत नाही. मिस्टर दुसऱ्या शिफ्टला असतील त्या आठवड्यात हा आशीर्वाद त्यांनी सकाळी द्यावा, मूल बूट घालत असताना. वाचनाचा भागही ते जेवणाच्या सुट्टीत व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात पाठवू शकतात. कंपनीतला खडखडाट मागे ऐकू आला तर उलट चांगलं, बाबा कुठून वाचतायत हे मुलांना कळतं. "बाबा नाहीत म्हणून आज नको" असं एकदाही म्हणू नका. शिफ्टच्या घरात असे दिवस निम्मे असतात.

भांडण झालेल्या, तापाच्या, उशिरा परतलेल्या दिवशी बाकी सगळं सोडा आणि फक्त आशीर्वाद द्या. तो दिवस चुकला असं धरायचं नाही.

आता खोटं बोलण्याचं. सात वर्षांचं मूल खोटं बोलतं ते बहुतेक वेळा भीतीने, कधी मोठेपणासाठी, आणि कधी कधी त्याला हवं होतं ते घडलं असं सांगून. तिन्हींना उपाय वेगळे. पण जवळजवळ प्रत्येक घरात आईच नकळत सापळा लावते. फुटलेला ग्लास समोर दिसतोय, मुलगा जवळ उभा आहे, तरी विचारते, "कुणी फोडला?" उत्तर तिला माहीत असतं. मुलाला त्या क्षणी दोनच वाटा असतात, मार किंवा थाप. तो थाप निवडतो, ती पचली तर पुढच्या वेळी जास्त सफाईने निवडतो. उत्तर माहीत असेल तर विचारूच नका. "ग्लास फुटलाय. तू चप्पल घाल, मी काच उचलते, तू सुपली धर." काम झाल्यावर मग काय झालं ते विचारा. हातात सुपली असलेलं मूल खरं बोलतं.

घरात एक नियम उघड जाहीर करा: खरं सांगितलं तर शिक्षा निम्मी, आणि नुकसान भरून देणं दोन्ही वेळेला पूर्ण. हा नियम पाळण्यात आई-वडीलच चुकतात. मूल खरं सांगतं, ऐकून आपला पारा चढतो, आणि "निम्मी" विसरली जाते. असं दोनदा झालं की नियम मेला.

मोठेपणाच्या थापा ("आमच्याकडे नवी गाडी येणार आहे") मारणाऱ्या मुलाला चारचौघांत खोटं पाडू नका. घरी आल्यावर एवढंच म्हणा, "तुला गाडी हवी आहे ना? 'मला गाडी हवी' असं म्हटलं तरी चालतं." आणि घरातल्या मोठ्यांच्या थापा मोजा. दारावर आलेल्या माणसाला "सांग, आई घरी नाही", वाहतुकीत अडकल्याचं कारण देताना अजून घरातच असणं, बसमध्ये तिकीट वाचवायला वय कमी सांगणं. हे सगळं मागच्या सीटवरून ऐकलं जातं. मुलाने खोटं बोललेल्याच रात्री बायबलमधल्या नीतिसूत्रांतून असत्य वाणीचं वचन काढून वाचणं टाळा. शास्त्राची छडी केली की मूल शास्त्रापासून लांब पळतं. नीतिसूत्रांचे अध्याय ३१ आहेत, तारखेप्रमाणे रोज एक अध्याय काढून मुलीला त्यातली एक ओळ निवडायला सांगा. खोटेपणाचं वचन आपल्या पायांनी येईल, कुणाला उद्देशून न येता.

क्षमा मागणं शिकवावं लागतं. "सॉरी म्हण" म्हटलं की मूल भिंतीकडे बघून सॉरी म्हणतं. चार पायऱ्या शिकवा: मी काय केलं ते सांगायचं, ते चुकलं हे म्हणायचं, भरून काय देणार ते सांगायचं, आणि मग "मला माफ करशील?" असं विचारायचं. तिसऱ्या पायरीसाठी लूकच्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायातला जक्कय हा जकातदार आहे. त्याने नुसता पश्चात्ताप केला नाही, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट देईन म्हणाला. शेजारच्या काकूंची कुंडी चेंडूने फुटली तर मुलाने स्वतः जाऊन चार पायऱ्या म्हणाव्यात आणि कुंडीचे पैसे निम्मे त्याच्या साठवणीतून जावेत. तुम्ही दारात सोबत उभ्या राहा, पण बोलू नका. काकू "अहो असू दे हो, लहान आहे" म्हणणारच. तरी पैसे देऊन या. आणि समोरच्याने लगेच माफ केलं नाही तर? मुलाला आधीच सांगून ठेवा की माफ करणं त्यांच्या हातात आहे, मागणं आपल्या.

साठवणीचा विषय निघालाच आहे तर: देवालयाच्या दारात आईने पर्समधून नोट काढून मुलाच्या हातात कोंबायची आणि त्याने ती थैलीत टाकायची, याला मुलाचं अर्पण म्हणता येत नाही. तो फक्त पोस्टमन झाला. मुलीला आठवड्याला ५० रुपये देत असाल तर पाच दहाच्या नोटा किंवा नाणी द्या, एकच पन्नासची नोट नको. तीन डबे करा: दहा अर्पणाचे, पंधरा साठवणीचे, पंचवीस खर्चाचे. पाचाची नाणी लागतील. मुलाला २० पुरे, त्यात दोन अर्पणाचे. शनिवारी रात्री मुलांनी स्वतः अर्पण पाकिटात घालून शास्त्रात ठेवायचं. खर्चाचे पैसे बुधवारीच संपले तर मध्ये भर घालू नका, आणि अर्पणाच्या डब्यातून उसनेही नाहीत. ते रडगाणं दोन आठवडे चालतं.

रविवार सकाळची चिडचिड शनिवारी रात्री संपते. कपडे इस्त्री करून, मोजे जोडीने, पाकीट शास्त्रात, पाण्याची बाटली भरलेली. "चल, उशीर होतोय, देवालयात जायचंय ना!" असं ओरडत निघालेल्या घरातल्या मुलाच्या डोक्यात उपासनेशी जोडलेला पहिला सूर तो ओरडण्याचाच राहतो. क्रिकेटचं कोचिंग रविवारी सकाळीच असेल तर बॅच बदलून मागा. नाही मिळाली तर दुपारच्या किंवा संध्याकाळच्या उपासनेला जा, पण "मॅच असेल तेव्हा देवालय नाही" हा पायंडा पाडू नका. तो पडला की परीक्षा, क्लास, लग्नं सगळी त्याच दाराने आत येतात.

नाताळबद्दल. केक आणि कपडे वाईट नाहीत, फक्त ते दोन्ही विकत येतात आणि एका दिवसात संपतात. नाताळआधीचा आगमनकाळ चार रविवारांचा असतो. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान कधीही येतो. हे चार आठवडे मुलांच्या हातात द्या. परातीत वाळू पसरून दिवाळीतल्या चार पणत्या किंवा जाड मेणबत्त्या ठेवा, पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा लावत जा. भोवती आंब्याची डहाळी नको. चार दिवसांत वाळते आणि वाळलेलं पान ज्योतीला लागलं की भडकतं. डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून लूकचं शुभवर्तमान घ्या: त्याचे अध्याय बरोबर २४, रोज एक. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्याच अध्यायात ८० वचनं आहेत, मुलांसमोर ती सगळी वाचू नका, जखऱ्या आणि मरियेचे भाग निवडा. आणि तारखेप्रमाणे गेलं की २४ तारखेला तुम्ही रिकाम्या कबरेपाशी पोचलेले असता, म्हणून त्या रात्री दुसरा अध्याय पुन्हा वाचायचा. जन्म आणि पुनरुत्थान एकाच रात्री वाचण्यात बिघडत काहीच नाही.

दारात लावायची नाताळची चांदणी विकत आणू नका, घरी करा. एकाच शनिवारच्या दुपारचं काम आहे आणि ते नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी उरकावं. बुरूड आळीतून बांबूच्या दहा कामट्या आणा, प्रत्येकी दोन फूट, जाडी पेन्सिलीपेक्षा कमी. सगळ्या एकाच लांबीच्या हव्यात. अर्धा इंच फरक पडला तरी चांदणी लंगडी होते. पाच कामट्यांची एक चांदणी, एका रेषेत न उचलता काढतो तशी, एकीच्या वरून दुसरीच्या खालून घालून. पाचही टोकं सुतळीने बांधा. दुसरीही तशीच. मग दोन्ही एकमेकींवर ठेवून पाच टोकं जोडून बांधा. आता मधे, जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी, दोन चांदण्यांच्या मध्ये चार इंचांचे पाच ठोकळे उभे बसवा. चांदणी फुगून उभी राहते. ठोकळे पाच-सहा इंचांचे केले तर कामट्या वाकून टोकाचा दोरा सुटतो. तीनचे केले तर आत बल्ब मावत नाही. आधी टोकं, मग ठोकळे. उलटं केलं तर कधीच जुळत नाही.

वर पतंगाचा कागद. पुढची आणि मागची चांदणी, आणि बाजूचे अरुंद त्रिकोण दहा. त्यांतला खालचा एक उघडा ठेवायचा, वायर आणि बल्बसाठी. मैद्याची खळ पातळ असावी. घट्ट खळीने कागद सुरकुततो. कागद चिकटवून सुकला की तळहात ओला करून पाण्याचा अगदी हलका शिडकावा मारा, सुकताना तो तबल्यासारखा ताणतो. बल्ब एलईडीच, पाच-सात वॉटचा. जुना पिवळा बल्ब कागदाला टेकला की डाग पडतो आणि पुढे आग. कामं अशी वाटा: मुलीकडे मोजमाप आणि गाठी, मुलाकडे खळ आणि कागद धरणं, सुरी तुमच्याकडे. मुलाच्या हाताने एक त्रिकोण वाकडा लागेलच. तो काढून पुन्हा लावू नका. पूर्ण डिसेंबर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच त्रिकोण दाखवणार आहे.

फराळातलं एकच काहीतरी मुलांचं असू द्या. कुलकुल त्यासाठी सर्वांत सोपे. मैदा अर्धा किलो, बारीक रवा १०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, साजूक तूप ५० ग्रॅम, दोन अंडी, चिमूटभर मीठ, आणि लागेल तसं नारळाचं दाट दूध, साधारण एक वाटी. तूप आधी मैद्याला चोळून घ्या, मग बाकीचं. पीठ पुरीपेक्षा थोडं सैल. झाकून तासभर ठेवायचं, नाहीतर रवा फुगत नाही आणि कुलकुल दाताला कचकचतात. बोराएवढा गोळा काट्याच्या पाठीवर दाबून पसरवायचा आणि गुंडाळायचा; शिवण नीट दाबली नाही तर तेलात उलगडतो. साखर दोनशे ग्रॅमच्या वर नेऊ नका, तेलात फुटतात. आच मध्यमपेक्षा कमी. साखरेमुळे रंग लवकर येतो, म्हणून मोठ्या आचेवर बाहेरून तपकिरी आणि आतून कच्चे राहतात, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. मुलं एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटं टिकतात, म्हणून अर्ध्या प्रमाणात दोनदा करा. कढईजवळ दोघांनाही येऊ देऊ नका.

ताटं पोचवायला मुलांनाच पाठवा. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत जात नाही, हे शेजारच्यांना सांगावं लागत नाही; दिवाळीतले फराळाचे डबे तुमच्या कपाटात अजून असतीलच. तेच भरून द्या. (याच पुण्यात १८९० साली ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये मंडळींनी चहा-बिस्किटं घेतली म्हणून केवढं ग्रामण्य (वाळीत टाकण्याचं प्रकरण) झालं होतं, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे त्यात अडकले होते. त्या मानाने तुमच्या मजल्यावर चकली आणि कुलकुलांची देवाणघेवाण बिनबोभाट होते, हे मुलीला इतिहासाच्या पुस्तकाबाहेर सांगण्यासारखं आहे.)

गणपतीतला प्रसाद हा प्रश्न मुलं दरवर्षी घरी आणतात. यावर ख्रिस्ती घराघरांत मतं वेगळी आहेत आणि पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा आणि दहावा हे मूर्तीपुढच्या अन्नाबद्दलचे अध्याय दोन्ही बाजूंचे लोक आधाराला घेतात. तुम्ही दोघं सणाआधी बसून एक ठरवा आणि मुलांना त्यामागचं कारण सांगा. घ्यायचा नाही असं ठरलं, तर सात वर्षांच्या मुलाला तोंडात बसेल असं एक वाक्य द्या: "थँक्यू काकू, आम्ही घेत नाही, पण आरास खूप छान झालीय." तोंड वाकडं करून "आमच्यात चालत नाही" म्हणणारं मूल श्रद्धा शिकलेलं नसतं, उद्धटपणा शिकलेलं असतं. सोसायटीच्या खुर्च्या लावायला, विसर्जनानंतरचा कचरा उचलायला मुलांना जरूर पाठवा.

ईस्टरआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारपासून सुरू होतो आणि आपल्याकडे नेमका वार्षिक परीक्षांवर येतो. मुलांना उपाशी ठेवू नका. कॅथॉलिक नियमांतही उपवासाचं बंधन अठरा वर्षांनंतर आहे. रोज सुटणारी एक गोष्ट ठरवा, तिचे पैसे डब्यात, आणि ईस्टरला तो डबा कुठे जाणार हे मुलांनी आधीच ठरवायचं. "मोबाईल सोडला" हे मुलीपुरतं ठेवू नका. घरात तिच्याबरोबर कुणी मोठ्याने सोडला तरच.

सासूबाईंकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा एक काम घेऊन जा. त्यांना पाठ असलेल्या गीतांपैकी पाच, त्यांच्या चालीत, त्यांच्या आवाजात, मोबाईलवर मुलीने रेकॉर्ड करायची. "उपासना संगीत" या गीतांच्या पुस्तकात शब्द मिळतात, पण चाल बहुतेक घरांत पुस्तकात नसते, आजीच्या गळ्यात असते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं ओवी-अभंगाच्या वळणाची असल्याने मुलं दोन-तीन वेळा ऐकून उचलतात. प्रत्येक गीत कुणाकडून शिकल्या, हेही आजीला विचारून त्याच रेकॉर्डिंगमध्ये घ्या. घरातल्या जुन्या पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं लिहिलेली असतील तर त्यांचे फोटो काढा, आणि तुमच्या घरच्या शास्त्रात मुलांच्या बाप्तिस्म्याची तारीख मुलीच्या अक्षरात लिहून घ्या. त्या तारखेला दरवर्षी धर्ममातेला फोन करायचा आणि गोडाचं काहीतरी. वाढदिवसासारखा थाट नको.

हे सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात रोज रात्री फक्त डोक्यावर हात आणि आशीर्वाद. पुढच्या आठवड्यात गीताचं एक कडवं. तिसऱ्या आठवड्यात मार्क उघडा. ग्लास फुटल्यावर "कुणी फोडला?" न विचारणं मात्र आजपासून. आणि चांदणी जानेवारीत उतरवाल तेव्हा कागद फाडून टाका, सांगाडा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आडवा ठेवा. उभा ठेवला तर ठोकळे निखळतात. पुढच्या नोव्हेंबरात कागद तेवढा नवा लागेल.